हजेरीपुस्तकाबाहेरची माणसे

७ नोव्हेंबर १९३८ च्या संपाचा उल्लेख आपल्या सभांतून नेहमी होतो. औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट मुंबईत एकत्र उभे राहिले, हे आपल्या विद्यार्थ्यांना पाठ असते. परंतु आपल्या आजीने जिनात किती हंगाम काढले, हे त्यांना ठाऊक नसते. दोष त्यांचा नाही. आम्हीच कधी सांगितले नाही.

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की जिनिंग-प्रेसिंग सुरू होई. बाया डोक्यावरून कापूस वाहून रेच्यांपर्यंत नेत, रेचा रुई आणि सरकी वेगळी करी, मग प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधल्या जात. दिवसभर नाकातोंडात तंतू जात. हंगाम संपला की काम संपले. असा हंगामी मजूर कागदावर फारसा उरत नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ ही 'शकुंतला' गाडी तर कापसासाठीच आली. ती बंद पडल्यावर तिच्याविषयी लिहिणारे पुष्कळ निघाले, पण इंजिनाचे कौतुक झाले तेवढे गँगमनचे झाले नाही.

संघटनांचेही तसेच. कामठीच्या बाबू हरदासांनी विडी कामगारांना संघटित केले. 'जय भीम' हे अभिवादन रूढ करणारे म्हणून त्यांना आपण ओळखतो; १९३९ साली, ऐन तारुण्यात ते गेले. त्यांच्या मागे उभे राहिलेल्या विडी वळणाऱ्या बायांची नावे किती जणांना सांगता येतील?

हे काम अशक्य नाही. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना प्रत्यक्ष भेटून, बोलते करून 'आम्हीही इतिहास घडवला' हा ग्रंथ १९८९ साली सिद्ध केला.

विद्यार्थ्यांनी घरापासूनच सुरुवात करावी. मोबाईलवर आवाज टिपण्याआधी परवानगी घ्यावी. "संघर्ष कसा केला?" असे विचारू नये, म्हातारे माणूस गप्प होते. हजेरी किती मिळे, मुकादम कोण, तान्हे मूल कुठे निजवत, संघाची वर्गणी कोण गोळा करी, असे विचारावे. ट्रंकेतली वर्गणीची पावती, जुना गटफोटो मागून घ्यावा, त्याचा फोटो काढून मूळ वस्तू त्याच दिवशी परत द्यावी. गटफोटोतल्या माणसांची नावे डावीकडून उजवीकडे लगेच लिहून घ्यावीत. आजी 'रेचा' म्हणाली तर वहीत 'यंत्र' लिहू नये.