फाटकाबाहेरचा संघ

कऱ्हेकाठच्या माणसाला ‘कोच’ म्हटलं की आधी वस्ताद आठवतो. तालमीतच राहणारा, पोरांचा खुराक आणि झोप दोन्हींवर नजर ठेवणारा. कॉलेजात मात्र जिमखान्याचे सर असतात. विद्यापीठाच्या स्पर्धा आल्या की संघ उभा राहतो, स्पर्धा संपल्या की पांगतो. कॉलेजात खेळ रुजवणारा वस्ताद कसा असतो, ते शोधत मी आधी फार लांब गेलो.

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनात क्लेमसन विद्यापीठ आहे. हैफात जन्मलेले आय. एम. इब्राहिम तिथे रसायनशास्त्र शिकायला आले आणि १९६७ साली त्यांनी तिथला फुटबॉल संघ सुरू केला. आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्याला तिकडे सॉकर म्हणतात, आणि त्या भागात त्याला फारसं कुणी विचारत नव्हतं. इब्राहिम यांनी गयाना, नायजेरियाहून खेळाडू आणले. १९८४ मध्ये, आधीची दोन्ही वर्षं जिंकलेल्या इंडियानाला २-१ असं हरवून संघ राष्ट्रीय विजेता झाला; १९८७ मध्ये पुन्हा. १९९४ पर्यंत ते प्रशिक्षक होते आणि त्यांच्या नावावर ३८८ विजय आहेत. परका माणूस, परक्या पोरांना घेऊन.

पण मला जवळचे वाटतात ते नागपूरचे विजय बारसे. हिस्लॉप कॉलेजात ते क्रीडाशिक्षक होते. २००१ साली भर पावसात झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांना दिसली. त्यांनी त्यांना चेंडू दिला, पुढे झोपडपट्ट्यांच्या संघांची स्पर्धाच भरवली. इब्राहिम यांनी बाहेरची पोरं कॉलेजात आणली. बारसे सर कॉलेजातला खेळ घेऊन फाटकाबाहेर गेले. मला हे दुसरं काम अवघड वाटतं. तिथे शिष्यवृत्तीचं आमिष नसतं, हजेरीचा धाक नसतो. पोरगं उद्या येईल ते केवळ सरांवरच्या विश्वासानं.

योगायोग असा की, त्याच २००१ साली जगात बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकाची कल्पना निघाली. पहिला चषक २००३ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझला झाला. छोटं मैदान, गोलरक्षकासह चौघांचा संघ, सात-सात मिनिटांचे दोन डाव. खेळाडूला त्यात आयुष्यात एकदाच उतरता येतं, म्हणजे दरवर्षी नव्या पोरांना संधी. नागपूरच्या या कामातून भारताचा संघ तिथवर पोचला. बारसे सरांच्या ‘स्लम सॉकर’ या संस्थेला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला.

बारसे सरांवर ‘झुंड’ हा चित्रपट काढणारे नागराज मंजुळे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. इंदापूरहून पाहिलं तर उजनीच्या फुगवट्यापलीकडचे, म्हणजे आपल्या शेजारचेच.

आता हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा गळीत हंगामाचे दिवस आलेले असतील. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरच्या वाटांवर बीड-नगरकडच्या ऊसतोड टोळ्या येतील, त्यांच्या राहण्याच्या कोप्या पडतील. आईबाप फडात गेले की पोरं बांधावर. त्याच सुमारास दिवाळीच्या सुट्टीनं आपल्या कॉलेजांची मैदानं ओस पडलेली असतात. बारामती-इंदापूरच्या प्राचार्यांना आणि जिमखान्याच्या सरांना माझी हात जोडून विनंती आहे: या हंगामात संध्याकाळी दोन तास फाटक उघडं ठेवा, आणि एक चेंडू कोपीवर पाठवा.