ट्रान्सफॉर्मर जळाला, पण का जळाला?

गेल्या रब्बीतली गोष्ट. राहुरी तालुक्यात कांद्याचे प्लॉट पाहत एका वस्तीवर गेलो. ओट्यावर आप्पा बसले होते. पुढ्यात एक जुनी लाकडी पेटी उघडी आणि वार्निश जळाल्याचा वास सुटलेला.

"साहेब, कांदा मागून बघा. आधी हे बघा. थोरल्या भावाने केलेली पेटी. चाळीस वर्षं चालली अन् काल जळाली."

आमच्या भागात अशा पेट्या बऱ्याच घरांत होत्या. 1969 साली स्थापन झालेली मुळा-प्रवरा वीज संस्था ही देशातील पहिल्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्थांपैकी एक. 2011 साली तिचे काम महावितरणकडे गेले. विहिरीवर मोटारी आल्या, तशी त्या तपासण्याची साधनेही हुशार पोरांनी घरीच केली.

पेटीत विशेष काही नव्हते. 230 व्होल्टचे 12 व्होल्ट करणारा 1 अँपिअरचा छोटा ट्रान्सफॉर्मर, गाडीचा एक बल्ब आणि दोन क्लिपा. मोटारीच्या तीन तारांपैकी दोन-दोन धरून पाहायच्या. तिन्ही जोड्यांवर बल्ब सारखाच लागला, तर वाइंडिंग तुटलेले नाही. एक क्लिप बॉडीला लावल्यावरही बल्ब लागला, तर वाइंडिंग बॉडीला टेकले आहे. मोटार गाडीत घालून तालुक्याला नेण्याआधी एवढे कळले, तरी एक खेप वाचते.

आधी कारण शोधा

आप्पांच्या पुतण्याने घरातल्या जुन्या स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर काढून ठेवला होता. "हाच बसवतो, काका." मी म्हटले, "थांब बाळा. पहिला का जळाला ते आधी बघू."

बल्ब काढून पाहिला. त्यावर 12 व्होल्ट, 21 वॅट असे लिहिलेले. आप्पांना आठवले, की मूळचा बारीक बल्ब गेला, तेव्हा पोराने ट्रॅक्टरच्या इंडिकेटरचा बसवला होता. आता हिशेब करा. 21 ला 12 ने भागले, की पावणेदोन अँपिअर येतात. ट्रान्सफॉर्मर एका अँपिअरचा! क्षणभर क्लिपा लावल्या तर तो सोसतो. त्या दिवशी क्लिपा एकमेकींना चिकटलेल्या राहिल्या आणि मंडळी जेवायला गेली. पेटीत फ्यूज नव्हताच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे होऊ नये. नवा ट्रान्सफॉर्मर बसवून बल्ब तोच ठेवला असता, तर तोही जळाला असता. 5 वॅटचा बल्ब अर्ध्या अँपिअरच्या आतच घेतो.

स्टॅबिलायझरचा ट्रान्सफॉर्मर नको

खरा धोका पुढेच होता. साध्या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन वेगळ्या गुंडाळ्या असतात. मायकेल फॅरडे यांनी 1831 साली लोखंडी कड्यावर दोन वेगळ्या गुंडाळ्या घेऊन दाखवले तेच हे तत्त्व. मेन लाइनची तार आणि हातातली क्लिप यांचा तारेने संबंधच येत नाही. घरगुती स्टॅबिलायझरमध्ये मात्र बहुधा 'ऑटो' ट्रान्सफॉर्मर असतो. त्याची गुंडाळी एकच आणि तिलाच मधून तारा काढलेल्या. मीटर 12 व्होल्ट दाखवील, पण प्लग उलटा बसला तर क्लिपेवर जमिनीच्या मानाने पूर्ण 230 व्होल्ट येऊ शकतात. ओल्या विहिरीच्या काठावर, अनवाणी पायांनी ती क्लिप धरणाऱ्याचे काय होईल?

ओळखायचे कसे? ट्रान्सफॉर्मर लाइनपासून पूर्ण सोडवा. ओहम मीटरची एक तार इनपुटला आणि दुसरी आउटपुटला लावा. काटा हलला, तर तो ऑटो, बाजूला ठेवा. पुतण्याने लावून पाहिले. काटा हलला. त्याचा चेहरा उतरला.

नवा बसवताना

ट्रान्सफॉर्मर 230 ते 12 व्होल्ट, 1 अँपिअर, दोन गुंडाळ्यांचा घ्यावा. 12-0-12 मिळाला, तर मधली आणि कडेची एक तार वापरावी. दोन्ही कडेच्या घेतल्या, तर 24 व्होल्ट येऊन बल्ब जाईल. राहिलेल्या तारेच्या टोकाला टेप गुंडाळावा. इनपुटला 100 मिलिअँपिअरचा सावकाश जळणारा फ्यूज आणि आउटपुटला 1 अँपिअरचा फ्यूज हवाच. लोखंडी गाभ्याला तीन पिनच्या प्लगमधून अर्थिंग द्यावे.

प्रथम चालू करताना इनपुटच्या एका तारेत 60 वॅटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये घ्यावा. एलईडी चालत नाही. क्लिपा मोकळ्या असताना हा बल्ब झगझगीत पेटला, तर ट्रान्सफॉर्मरच्या आत शॉर्ट आहे. अंधूक राहिला किंवा लागलाच नाही, तर ठीक. 230 व्होल्टचे हे काम वायरमनकडूनच करून घ्यावे.

मर्यादाही ओळखा

मोटार तपासताना मेन स्विच बंद करून किटकॅट काढून खिशात ठेवावेत आणि मोटारीच्या तारा स्टार्टरमधून सोडवाव्यात. बॉडीला बल्ब लागला नाही, म्हणजे इन्सुलेशन चांगलेच आहे, असे समजू नये. त्यासाठी मेगर लागतो. स्टार्टरच्या बारीक तारेच्या कॉईलवर हा बल्ब लागत नाही. म्हणून चांगली कॉईल फेकू नये.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. पेटी भिंतीवर टांगलेली होती. झाकणावर पुतण्याने खडूने लिहिले होते, "बल्ब 5 वॅटचाच." आप्पा म्हणाले, "साहेब, आता कांदा बघू."