मूल बोलू लागताना (लेखांक ४) : भाषा चार, शब्द एकही नाही

घाटकोपर-मुलुंडकडच्या घरात बाळ जन्मापासून चार भाषा ऐकतं. आजी मराठीत, शेजारच्या काकी गुजरातीत, सांभाळायला येणाऱ्या मावशी हिंदीत आणि आईबाबा, नर्सरीच्या प्रवेशाच्या धास्तीने, इंग्रजीत. दोन वर्षांचं होऊनही ते बोललं नाही की सोसायटीतून सल्ला येतो, ‘घरात एकच भाषा ठेवा.’ मग बहुधा मराठीच बंद होते.

या सल्ल्याला आधार नाही. अनेक भाषा कानावर पडल्या म्हणून मूल मुकं राहत नाही. उलट आजीची ओघवती मराठी थांबवून तिच्या जागी ‘कम, ईट, सिट’ एवढंच आणलं, तर मुलाच्या वाट्याला बोलणंच कमी येतं. बाळाचा कान किती तयार असतो, हे जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली कॅनडात दाखवलं. इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतल्या ‘त’ आणि ‘ट’मधला फरक ओळखत होती, वर्षाची होईस्तोवर बहुतेकांची ती ओळख गेली. घरात जे ऐकू येत नाही, ते कान सोडून देतो.

मात्र नुसतं ऐकू येऊन भागत नाही. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली अमेरिकेत नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी ऐकवली. समोर बसून खेळणाऱ्या माणसाकडून ऐकलेले ध्वनी बाळांनी उचलले. तेच टीव्हीवरून ऐकवल्यावर काहीच उचललं नाही. मोबाइलवरच्या बडबडगीतांवर घास भरवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. बाळ ‘ऊं’ म्हणालं तर मोबाइल थांबत नाही, उत्तरही देत नाही. दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. बोरिवलीहून रोज चर्चगेट गाठणाऱ्या आईबापांना हे जड जातं, मान्य. पण आंघोळ घालताना, भाजी निवडताना बोलायला वेगळा वेळ लागत नाही.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कानांकडे. ‘कुकरच्या शिट्टीला दचकतो की!’ हे आजोबांचं प्रमाणपत्र पुरेसं नाही. मोठा आवाज ऐकणाऱ्या मुलालाही ‘स’सारखे बारीक ध्वनी निसटत असू शकतात, वारंवार सर्दी होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साचलं तरी ऐकू कमी येतं. वर्षाचं मूल बोट दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नसेल, तर ‘बाबाही उशिरा बोलला होता’ म्हणत थांबू नये. अशा मुलात स्वमग्नतेची शक्यताही डॉक्टर तपासतात.

वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची वाचा-श्रवणाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. तिथे श्रवणचाचणी होते. लहान मुलांची ‘बेरा’ ही चाचणी झोपेत करतात, त्यामुळे अंधेरी-बोरिवलीहून निघताना मुलाला गाडीत झोपू देऊ नका. नाहीतर तिथे पोचल्यावर ते टक्क जागं असतं.