फाइल कुणाची?

सिग्मंड फ्रॉईड यांनी १९१२ साली आपल्या सहकाऱ्यांना सल्ला दिला होता, की रुग्ण बोलत असताना टिपणं घेत बसू नका. त्यांची स्वतःची पद्धत संध्याकाळी आठवून लिहिण्याची होती. पुढची तीसेक वर्षं मानसोपचार आणि समुपदेशन याच भरवशावर चाललं. खोलीत काय घडलं आणि माणूस सुधारला की नाही, दोन्हींचा साक्षीदार एकच, उपचार करणारा.

अमेरिकेतल्या ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत कार्ल रॉजर्स यांनी १९४०नंतर ही मक्तेदारी मोडली. समुपदेशनाच्या खोलीत मायक्रोफोन आला. बर्नार्ड कोव्हनर या विद्यार्थ्याने कोऱ्या तबकड्यांवर आवाज कोरणारी दोन यंत्रं जोडून दिली. तबकडीची एक बाजू तीन मिनिटांत भरायची. ती भरत आली की दुसऱ्या यंत्राची सुई टेकवायची, तोवर पहिलीवरचा भुगा झाडून ती बदलायची. तासाभराच्या बोलण्यासाठी ही धावपळ वीसेक वेळा. एवढा खटाटोप करून रॉजर्स यांनी १९४२च्या पुस्तकात ‘हर्बर्ट ब्रायन’ असं टोपणनाव दिलेल्या एका क्लायंटची आठही सेशन्स शब्दशः छापली. बंद दाराआडचं समुपदेशन पहिल्यांदाच अथपासून इतिपर्यंत बाहेरच्यांना वाचता आलं. अशा ध्वनिमुद्रणांतून एक अडचणीची गोष्टही उघडी पडली. सल्ले देणारे समुपदेशक क्लायंटपेक्षा स्वतःच जास्त बोलत होते.

खोलीत काय बोललं जातं ते कळलं, पण त्याने गुण येतो का?

लंडनच्या हान्स आयझेंक यांनी १९५२मध्ये हाच प्रश्न टाकला आणि उत्तरही कडू दिलं. न्यूरॉसिसचे सुमारे दोन तृतीयांश रुग्ण दोन वर्षांत आपसूकच सुधारतात, तर मानसोपचारांचं श्रेय कोणतं? त्यांच्या आकडेमोडीवर पुष्कळ टीका झाली. पण ‘आमचा अनुभव सांगतो’ एवढ्यावर आता भागणार नव्हतं. आरॉन बेक यांची नैराश्य मोजणारी २१ मुद्द्यांची प्रश्नावली १९६१मध्ये आली. मेरी ली स्मिथ आणि जीन ग्लास यांनी १९७७मध्ये ३७५ अभ्यास एकत्र करून दाखवलं, की उपचार घेणारा सरासरी माणूस न घेणाऱ्या शंभरातल्या पंच्याहत्तरांपेक्षा बरा असतो. उपचारांची बाजू सावरली. एकेका समुपदेशकाचा अंदाज किती खरा, हे मात्र तपासायचं राहिलंच होतं.

ते २००५मध्ये मायकेल लॅम्बर्ट यांच्या गटाने तपासलं. ५५० क्लायंटांपैकी कोणाची प्रकृती बिघडेल, असं उपचारकांना विचारलं. त्यांनी तिघांकडे बोट दाखवलं. प्रत्यक्षात बिघडली चाळीस जणांची, आणि त्या तिघांतला एकच त्यांत होता. लॅम्बर्ट यांचा उपाय साधा होता. सेशनच्या आधी क्लायंटनेच ४५ प्रश्नांचा कागद भरायचा आणि त्यावरून प्रकृती बिघडताना दिसली की समुपदेशकाला लगेच कळवायचं. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेनेही २००८मध्ये सुरू केलेल्या मोठ्या योजनेत दर भेटीला मोजमाप करायचं ठरवलं.

या मोजमापाचा आपल्या भागातला ठळक दाखला गोव्याचा आहे. ‘संगाथ’ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केलं. नैराश्याच्या ४९५ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. तीन महिन्यांनंतर समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. हे मोजलं ‘पीएचक्यू-९’ या नऊ प्रश्नांच्या यादीने. झोप, भूक, थकवा असं विचारत ती नवव्या प्रश्नाला जिवाचं बरंवाईट करण्याच्या विचारांवर येते. एकूण गुण कमी झाले तरी त्या एका उत्तराकडे वेगळं पाहावं लागतं. इथे समुपदेशकही तपासले जात. ध्वनिमुद्रित सेशन गटात बसून ऐकायचं आणि सहकाऱ्यांनीच त्याला गुण द्यायचे.

नोंद अशी खरी होत गेली, तशी ती जोखमीचीही झाली. प्रसेनजित पोद्दार या मूळच्या बंगालच्या विद्यार्थ्याने १९६९मध्ये बर्कलेत आपल्या मानसशास्त्रज्ञाला एका तरुणीला मारण्याचा इरादा सांगितला. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना पत्र दिलं. पोलिसांनी पोद्दारला ताब्यात घेऊन सोडलं. वरिष्ठ मानसोपचारतज्ज्ञांनी ते पत्र परत मागवून प्रती आणि टिपणं नष्ट करायला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये त्याने त्याच तरुणीचा, तातियाना तारासॉफचा, खून केला. तिला कोणीच सावध केलं नव्हतं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६मध्ये ठरवलं, की दुसऱ्याच्या जिवावर बेतणार असेल तिथे गोपनीयतेची ढाल चालणार नाही.

उलट टोकाचं उदाहरण फिनलंडचं. ‘वास्तामो’ या मानसोपचार केंद्रांच्या साखळीतून चोरलेल्या सुमारे ३३ हजार जणांच्या नोंदींचं प्रकरण ऑक्टोबर २०२०मध्ये उघड झालं. चोराने थेट क्लायंटांनाच ईमेल धाडले. बिटकॉइनमध्ये २०० युरो द्या, २४ तास उलटले तर ५००, नाहीतर तुमच्या सेशनची टिपणं जाहीर करतो. पुढच्याच वर्षी कंपनीचं दिवाळं निघालं.

भारतात मे २०१८पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ने गोपनीयतेचा हक्क दिला आणि कलम २५ने आपली वैद्यकीय कागदपत्रं पाहण्याचा. पण त्यातल्या ‘मानसिक आरोग्य व्यावसायिक’ या व्याख्येत मानसोपचारतज्ज्ञ आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बसतात, मानसशास्त्रात एम.ए. करून स्वतंत्र व्यवसाय करणारे समुपदेशक बसत नाहीत. समुपदेशकांचे काही गट २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या यादीत आले आहेत. तरीही फाइलचं कुलूप आज बऱ्याच अंशी समुपदेशकाच्या नीतिमत्तेवरच आहे.

म्हणून पहिल्या भेटीत, फॉर्मवर सही करण्याआधी, क्लायंटने चार गोष्टी विचारून घ्याव्यात. माझ्याबद्दल काय लिहिणार, ते कोण वाचणार, किती वर्षं ठेवणार, आणि मला फरक पडतोय की नाही हे कशावरून ठरवणार? ही विचारणा उद्धटपणा नाही, आणि चांगला समुपदेशक तिचा राग मानत नाही.