पाणी पेशीत कसे शिरते आणि बाहेर कसे पडते?

बंगळूरूजवळ हेसरघट्टा येथे १९६७ साली स्थापन झालेली भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्था आहे. फळे हंगामात एकदम पिकतात आणि लवकर नासतात. भाव पडला की माल शेतकऱ्याच्या दारातच राहतो. अशी फळे टिकवण्यासाठी या संस्थेत परासरणाने निर्जलीकरण करण्याच्या पद्धतीवर काम झाले आहे. फळांच्या फोडी साखरेच्या दाट पाकात काही तास ठेवल्या की त्यांतील बरेचसे पाणी पाकात उतरते. उरलेले पाणी वाळवणयंत्रात थोड्या उष्णतेने काढता येते. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे मराठी घरांत सर्वांना ठाऊक आहे. तत्त्व तेच. फोडी कोणी पिळत नाही, तरी पाणी बाहेर येते ते कसे?

याचे उत्तर रेणूंच्या गतीत आहे. द्रवातील रेणू सतत, दिशाहीन धावपळ करीत असतात. जेथे त्यांची दाटी जास्त, तेथून कमी दाटीकडे जाणाऱ्यांची संख्या साहजिकच अधिक भरते. यालाच विसरण म्हणतात. त्यासाठी पेशीला ऊर्जा खर्चावी लागत नाही. श्वासातील ऑक्सिजन फुप्फुसातून रक्तात आणि रक्तातून पेशीत याच मार्गाने पोहोचतो.

मात्र विसरणाचा वेग अंतराबरोबर फार झपाट्याने घटतो. अंतर दहापट झाले तर लागणारा वेळ शंभरपट होतो. पेशीएवढे, म्हणजे एका मिलिमीटरचा शंभरावा भाग इतके अंतर लहान रेणू सेकंदाच्या अल्पांशात पार करतो. एक सेंटिमीटरसाठी मात्र त्याला अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागतो. पेशी इतक्या लहान का आणि मोठ्या प्राण्यांना रक्ताभिसरण का लागते, याचे एक महत्त्वाचे कारण येथे सापडते.

पेशीभोवतीचे प्रद्रव्यपटल निवडक्षम असते. पाणी त्यातून सहज जाते, साखर व क्षार सहजासहजी जात नाहीत. पाण्यासाठी पटलात प्रथिनांचे खास मार्गही असतात. त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्री यांना २००३ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. अशा पटलातून पाणी विरल द्रावणाकडून दाट द्रावणाकडे जाते, हेच परासरण. पाकात साखर दाट, म्हणून फोडीच्या पेशींतील पाणी बाहेर पडते, प्रद्रव्य आकसून पेशीभित्तिकेपासून सुटते. या घटनेला रसद्रव्यकुंचन म्हणतात. फोडी आधी उकळत्या पाण्यातून काढल्या, तर पटलेच फाटतात आणि मग साखरही आत शिरते.

साध्या पाण्यात ठेवलेली पेशी उलट फुगते. वनस्पतीची पेशी भित्तिकेमुळे तग धरते. कोमेजलेली कोथिंबीर पाण्यात ताजीतवानी होते ती त्यामुळेच. तांबड्या रक्तपेशीला भित्तिका नसते, ती फुटते. म्हणून शिरेतून साधे पाणी कधीही देत नाहीत, ०.९ टक्के मिठाचे द्रावण देतात, जे रक्ताशी समपरासारी असते.

अतिसारात हेच तत्त्व जीव वाचवते. आतड्याच्या पेशींत सोडियम व ग्लुकोज जोडीने आत घेणारा वाहक असतो. ते आत गेले की त्यांच्यामागोमाग पाणीही परासरणाने जाते. नुसते पाणी प्यायल्याने हे पुरेसे साधत नाही. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि शिरेतून द्यायचे द्रावण संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज पाण्यात विरघळवून रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आले.

प्रमाण चुकले तर मात्र उलट घडते. द्रावण फार दाट झाले की आतड्यातील पोकळीच शरीरातून पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात. म्हणूनच २००२ साली जागतिक आरोग्य संघटनेने जुने द्रावण अधिक विरल केले. एक लिटरसाठीचे पाकीट अर्ध्या लिटरात कालवले, तर बाळाला अपाय होतो तो याच कारणाने.