आवाजाची पट्टी कुणाच्या बोटाखाली?

पडद्यामागचं मैदान : लेखांक ९

मागच्या आठवड्यात चित्राबद्दल लिहिलं होतं. डझनावारी कॅमेऱ्यांतून एक चित्र निवडणारा दिग्दर्शक प्रक्षेपणाच्या व्हॅनमध्ये बसून काय करतो, ते पाहिलं. त्याच व्हॅनमध्ये आणखी एक माणूस असतो, ज्याच्याबद्दल कुणी विचारत नाही. तो आवाज जुळवणारा. टचलाइनलगत, गोलपोस्टमागे आणि गॅलरीच्या बाजूला ठेवलेले मायक्रोफोन त्याच्या समोरच्या पट्ट्यांवर येऊन मिळतात. पट्टी वर सरकवली की गॅलरी आपल्या घरात येते, खाली ओढली की लांब जाते. चेंडूला लाथ बसल्याचा धप्प आवाज आपल्याला अगदी शेजारी उभं असल्यासारखा ऐकू येतो, ती त्याचीच करामत. गॅलरीत शिव्यांचा गजर सुरू झाला की तो त्या कोपऱ्याचा आवाज उतरवतो आणि ब्रिटिश समालोचक प्रेक्षकांची माफी मागून मोकळा होतो. घरात मुलंबाळं बसलेली असतात, तेव्हा यात गैर काही नाही.

पण गॅलरीतून एखाद्या काळ्या खेळाडूला उद्देशून माकडाचे आवाज काढले जात असतील तर? ते उतरवायचे की ऐकू द्यायचे? आणि ऐकू दिले, तर ते काय आहे हे सांगायचं कुणी?

याचं एक उत्तर ३० डिसेंबर १९७८ या दिवशी मिळालं होतं. ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड आणि वेस्ट ब्रॉमविच अल्बियन यांचा सामना होता. वेस्ट ब्रॉमच्या संघात तीन काळे खेळाडू होते : लॉरी कनिंगहॅम, सिरिल रेजिस आणि ब्रेंडन बॅट्सन. त्यांच्या पायात चेंडू गेला की गॅलरीतून हुर्यो उठायची. इंग्लंडच्या मैदानांवर त्या काळी हे इतकं सरावाचं झालं होतं की पाऊस पडतोय म्हणून जसं कुणी बातमी करत नाही, तसंच याचंही होतं. पण ग्रॅनडा टीव्हीचे समालोचक जेराल्ड सिन्स्टाट गप्प बसले नाहीत. काळ्या खेळाडूंची हुर्यो उडवली जातेय, हे त्यांनी चालू समालोचनात स्वच्छ सांगितलं आणि आपली नापसंतीही लपवली नाही. वेस्ट ब्रॉमने तो सामना ५-३ असा जिंकला. कनिंगहॅम आणि रेजिस दोघांनीही गोल केले.

त्या सामन्याचं मुद्रण आजही दाखवलं जातं, आणि मला त्यातला खेळ जितका आवडतो तितकंच सिन्स्टाट यांचं ते बोलणं मोलाचं वाटतं. कारण ते बोलले नसते, तर आज ती हुर्यो पाहुण्या संघाला घरच्या प्रेक्षकांनी उडवलेली नेहमीची हुर्यो म्हणून खपून गेली असती. नुसता आवाज पुरावा होत नाही. तो कशाचा आहे हे त्याच क्षणी कुणीतरी म्हणावं लागतं.

त्या दिवशी वेस्ट ब्रॉमच्या बाकावर व्यवस्थापक म्हणून बसले होते रॉन अ‍ॅटकिन्सन. तीन काळे खेळाडू एकाच वेळी मैदानात उतरवण्याचं श्रेय त्यांना मिळालं, आणि ते रास्तच होतं. पुढे ते टीव्हीवरचे नावाजलेले विश्लेषक झाले. २० एप्रिल २००४ रोजी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य सामन्यात मोनाकोने चेल्सीला ३-१ हरवलं. सामन्यानंतर, मायक्रोफोन बंद झाला आहे या समजुतीत, अ‍ॅटकिन्सन यांनी चेल्सीच्या मार्सेल दसाईला आळशी म्हणत एक अत्यंत घाणेरडी वर्णद्वेषी शिवी दिली. ब्रिटनमधलं प्रक्षेपण तोवर संपलं होतं. आखातातल्या आणि आसपासच्या काही देशांत मात्र ते चालू होतं. तिथल्या घरांत ते शब्द जसेच्या तसे पोहोचले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला.

त्यांच्या बाजूने तेव्हा पुष्कळ लोक बोलले. ज्या माणसाने रेजिस-कनिंगहॅमला संधी दिली तो वर्णद्वेषी कसा असेल, असा त्यांचा सवाल होता. मला हा युक्तिवाद पटत नाही. संधी दिली हे खरं आणि शिवी दिली हेही खरं. पहिल्याने दुसरी फिटत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं ते वेगळंच आहे : ब्रिटनमधल्या एकाही प्रेक्षकाने ते वाक्य टीव्हीवर ऐकलं नव्हतं. एक पट्टी कुठेतरी वर राहिली म्हणून ते जगाला कळलं. बंद मायक्रोफोनपुढे यापूर्वी काय काय बोललं गेलं असेल, याचा हिशेब कुणाकडेच नाही.

आता ८ डिसेंबर २०२० या रात्रीकडे येऊ. पॅरिस सेंट-जर्मेन विरुद्ध इस्तंबूलचा बाशाकशेहिर. कोविडमुळे स्टेडियम रिकामं. सामना जेमतेम पंधरा मिनिटांचाही झालेला नाही. बाशाकशेहिरचे सहायक प्रशिक्षक पिएर वेबो यांना बाहेर काढायचं होतं. ते नेमके कोण, हे मुख्य रेफ्रीला सांगताना रोमानियन चौथ्या पंचाने आपल्या भाषेत 'तो काळा' असं म्हटलं. रोमानियन भाषेत काळ्या रंगाला 'नेग्रू' म्हणतात. भरल्या मैदानात हा शब्द गर्दीत बुडून गेला असता. रिकाम्या मैदानात तो बाकापर्यंत ऐकू गेला. मग राखीव खेळाडू देम्बा बा त्या पंचासमोर येऊन उभा राहिला. त्याने शांतपणे, पण पुन्हा पुन्हा एकच गोष्ट विचारली : गोऱ्या माणसाबद्दल सांगताना तुम्ही 'तो गोरा' म्हणत नाही, नुसतं 'तो' म्हणता, मग काळ्या माणसाबद्दल सांगताना 'तो काळा' का? हे सगळं टीव्हीवर स्पष्ट ऐकू आलं. दोन्ही संघ मैदान सोडून गेले. उरलेला सामना दुसऱ्या दिवशी नव्या पंचांसह झाला आणि सुरुवातीला सगळे जण एका गुडघ्यावर बसले.

व्याकरणातल्या एका विशेषणावरून एवढं मोठं चर्चासत्र फुटबॉलमध्ये घडलं ते गर्दी नव्हती म्हणून. त्याच काळात इंग्लंड आणि स्पेनमधल्या लीगच्या प्रक्षेपणात रिकामेपण जाणवू नये म्हणून फुटबॉलच्या व्हिडिओ गेममधला गर्दीचा आवाज मिसळला जात होता. गोल झाला की जल्लोष, चेंडू हुकला की हळहळ. त्या मुद्रित गर्दीत माकडाचे आवाज अर्थातच नव्हते. प्रक्षेपकांना हवीहवीशी वाटणारी गर्दी कशी असते, ते तेव्हा कळलं.

गर्दी परतली आणि स्पेनमध्ये जुनं सगळं परतलं. रेआल माद्रिदचा ब्राझिलियन खेळाडू व्हिनिसियस ज्युनिअर गोल केल्यावर नाचतो. सप्टेंबर २०२२ मध्ये 'एल चिरिंगीतो' या रात्रीच्या टीव्ही चर्चेत, खेळाडूंच्या एजंटांच्या संघटनेचे अध्यक्ष पेद्रो ब्राव्हो म्हणाले की त्याने 'माकड करणं' थांबवावं. टीका झाल्यावर त्यांनी माफी मागितली आणि तो केवळ वाक्प्रचार होता असं सांगितलं. मराठी वाचकाला हा खुलासा चटकन समजेल, कारण आपल्याकडे नेमका 'माकडचेष्टा' हा शब्द आहे आणि आपण तो घरातल्या व्रात्य पोरांना सर्रास लावतो. वाक्प्रचार आहे हे खरंच. पण ज्या माणसाला पाहून गॅलरीत माकडाचे आवाज काढले जातात, त्याच्याबद्दल बोलताना हा शब्द तोंडात येतो, तेव्हा तो वाक्प्रचार राहत नाही. टीव्हीवर बसणाऱ्याला एवढं भान असायलाच हवं. त्याच आठवड्याच्या रविवारी अ‍ॅटलेटिको माद्रिदच्या स्टेडियमबाहेर शेकडो लोक तोच शब्द तालात म्हणत होते. शब्द टीव्हीने शोधून दिला असं मी म्हणणार नाही, तो आधीपासून होताच. टीव्हीने त्याला दिवाणखान्यात बसवलं. सरकारी वकिलांनी ते प्रकरण पुढे नेलं नाही. घोषणा काही सेकंदच चालल्या आणि त्या खेळातल्या चुरशीच्या वातावरणातल्या होत्या, असं कारण दिलं गेलं.

मग आला २१ मे २०२३, व्हॅलेन्सियाचं मेस्ताया स्टेडियम. मी तो सामना पाहत होतो. दुसऱ्या अर्धात व्हिनिसियस गोलमागच्या गॅलरीतल्या एका माणसाकडे बोट दाखवत उभा राहिला. 'हा, हाच', असं तो रेफ्रीला खुणेने सांगत होता. खेळ थांबला, ध्वनिक्षेपकावरून ताकीद दिली गेली, खेळ पुन्हा सुरू झाला. सामना संपता संपता झटापट झाली. व्हॅलेन्सियाच्या उगो दुरोने मागून व्हिनिसियसच्या गळ्याला हाताचा विळखा घातला. सुटताना व्हिनिसियसचा हात दुरोच्या चेहऱ्याला लागला. व्हिडिओ-पंचांच्या (व्हीएआर) कक्षातून मैदानाकडेच्या पडद्यावर रेफ्रीला जी चित्रफीत दाखवली गेली, तीत हात लागल्याचं होतं, गळ्याचा विळखा नव्हता. लाल कार्ड निघालं. जाता जाता व्हिनिसियसने दोन बोटं दाखवून प्रेक्षकांना डिवचलं : तुम्ही दुसऱ्या विभागात जाणार.

चित्रफीत काही सेकंद आधी सुरू केली असती, तर निर्णय वेगळा झाला असता. या लेखमालेत चित्राच्या निवडीबद्दल मी इतकं का लिहितो, ते यातून लक्षात यावं. स्पॅनिश महासंघाच्या समितीने दोनच दिवसांत ते लाल कार्ड रद्द केलं. रेफ्रीपुढे प्रसंग पूर्ण आलाच नाही, असं तिचं म्हणणं होतं.

आवाजाची गंमत नव्हे, तर गुंता यानंतरच होता. रेआलचे प्रशिक्षक कार्लो अँचेलोत्ती पत्रकार परिषदेत म्हणाले की अख्खं स्टेडियम 'मोनो' म्हणत होतं. मोनो म्हणजे माकड. स्थानिक पत्रकारांनी जागच्या जागी हरकत घेतली : गर्दी 'तोंतो' म्हणत होती. तोंतो म्हणजे मूर्ख. दोन अक्षरं, दोन्ही ओकारान्त. हजारो गळ्यांतून एकदम निघाली की घरच्या स्पीकरमधून वेगळी काढता येत नाहीत. अँचेलोत्ती यांनी सरसकटीकरणाबद्दल नंतर दिलगिरी व्यक्त केली, आणि ते योग्यच केलं. पण कित्येक चर्चांत त्यानंतर बोललं गेलं ते फक्त तोंतोबद्दल. गोलमागे उभं राहून हातवारे करणाऱ्या माणसांचा विषय बाजूला पडला. बहुतेकांनी तोंतो म्हटलं म्हणून काहींनी मोनो म्हटलं हे खोटं ठरत नाही. १० जून २०२४ रोजी व्हॅलेन्सियाच्या न्यायालयाने तिघा प्रेक्षकांना आठ महिन्यांच्या कैदेची शिक्षा सुनावली. फुटबॉल स्टेडियममधल्या वर्णद्वेषी शिवीगाळीबद्दल स्पेनमध्ये झालेली ही पहिली शिक्षा.

हे सगळं युरोपातलं आहे म्हणून आपण निर्धास्त राहू नये. १७ ऑक्टोबर २००७ रोजी, आपल्या वानखेडेवर, भारत-ऑस्ट्रेलिया एकदिवसीय सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सकडे पाहून काही प्रेक्षक माकडाचे हावभाव करत होते. आधी बडोद्यातल्या सामन्यातही असंच घडल्याची तक्रार होती, पण ती कुणी फारशी मनावर घेतली नाही. वानखेडेवरचा प्रकार नाकारता आला नाही, कारण त्याचं छायाचित्र निघालं. छायाचित्रकाराने क्षणभर खेळाकडे पाठ केली होती.

टीव्हीवाल्यांना खेळाकडे पाठ करणं जड जातं. प्रक्षेपणाचे हक्क ज्यांच्याकडून विकत घ्यायचे त्यांच्याच घरातली घाण दाखवायची कशी, हा पेच खरा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये टॉटनहॅम-चेल्सी सामन्यात चेल्सीच्या अँटोनियो रुडिगरने वर्णद्वेषाची तक्रार केली, तेव्हा स्काय स्पोर्ट्सवर विश्लेषक गॅरी नेव्हिल यांनी राजकारण्यांनाही दोष दिला. सूत्रसंचालक डेव्हिड जोन्स यांनी लगेच खुलासा केला की ही मतं नेव्हिल यांची आहेत, वाहिनीची नाहीत. नंतर जोन्स यांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला. रुडिगरच्या तक्रारीला पोलिसांना पुरावा सापडला नाही, हेही सांगायला हवं. पण नेव्हिल बोलत असताना स्टुडिओत जी अस्वस्थता पसरली ती पाहण्यासारखी होती. टीव्हीला बोलणं असं जड जात असताना, मे २०२४ मध्ये बँकॉकच्या अधिवेशनात फिफाने खेळाडूंसाठी एक खूण ठरवली : दोन्ही मनगटं एकमेकांवर आडवी धरायची. मग रेफ्रीने आधी सामना थांबवायचा, तरीही चालू राहिलं तर तात्पुरता स्थगित करायचा आणि शेवटी रद्द करायचा. ही खूण मला पटते, कारण ती डोळ्यांना दिसते. पट्टी खाली ओढून ती घालवता येत नाही.

शिवी तरी ओळखू येते. समालोचनातल्या कौतुकाचं काय? २०२० मध्ये रनरिपीट या डॅनिश संस्थेने युरोपातल्या ८० सामन्यांचं इंग्रजी समालोचन तपासलं. त्यात ६४३ खेळाडूंविषयीची २,०७३ विधानं होती. बुद्धीबद्दलच्या स्तुतीपैकी सुमारे ६३ टक्के उजळ कातडीच्या खेळाडूंच्या वाट्याला गेली होती. सावळ्या-काळ्या खेळाडूंच्या ताकदीचा उल्लेख होण्याची शक्यता मात्र साडेसहा पट अधिक होती. समालोचकांपैकी कुणीही शिवी दिली नव्हती. एक खेळ 'वाचतो', दुसरा 'दांडगा' आहे. वर्षानुवर्षं दर शनिवारी हेच कानावर पडत राहिलं, तर पुढे व्यवस्थापक निवडताना कुणाचं नाव आधी सुचेल?

तुम्ही या शनिवारी कोणताही सामना पाहणार असाल तर एक कागद आणि पेन्सिल घेऊन बसा. दोन रकाने करा. एकात डोक्याबद्दलचे शब्द लिहा : हुशार, शांत, नजर, नियोजन. दुसऱ्यात अंगाबद्दलचे : ताकद, वेग, धिप्पाड. शब्दापुढे खेळाडूचं नाव लिहा. समालोचन मराठी असो, हिंदी असो की इंग्रजी, नव्वद मिनिटं एवढंच करा. कागद मला पाठवा. पुढच्या आठवड्याचा लेख त्या कागदांवरूनच लिहिणार आहे.