आकड्यामागचे नाव



गिरणीत कामगाराच्या नावावरून बिल्ल्याचा क्रमांक काढता येई, तसेच क्रमांकावरून नावही काढता येई. इंटरनेटवरही असेच दोन व्यवहार चालतात. नाव दिले की यंत्राचा क्रमांक सांगणारी डीएनएस ही व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. क्रमांकावरून नाव सांगणे हा तिचाच उलटा व्यवहार होय.

उदाहरणांसाठीच राखलेला १९२.०.२.२५ हा पत्ता घ्या. पत्त्यात मोठा विभाग आधी येतो, इंटरनेटवरील नावात तो शेवटी येतो. म्हणून आकडे उलटे मांडून '२५.२.०.१९२.इन-ॲडर.आर्पा' असे नाव करतात व त्यापुढे 'पीटीआर' नोंद लिहितात.

आता अशा २५४ नोंदी हाताने लिहायच्या म्हणजे दिवस जाणार आणि चुकाही होणार. त्यावर उपाय साच्याचा. 'बाइंड' या प्रणालीत 'जनरेट' नावाची आज्ञा आहे. '१ ते २५४, ग्राहक-अमुक' अशी एकच ओळ लिहिली, की 'अमुक'च्या जागी क्रमांक बसत जाऊन सगळ्या नोंदी तयार होतात. नव्या, सहाव्या आवृत्तीच्या पत्त्यांत मात्र एकेका जाळ्यातच २ चा ६४ वा घात इतके पत्ते मावतात. तेथे आगाऊ नोंदी करणे अशक्य. विचारणा होईल तेव्हाच साच्यातून नाव घडवावे लागते, नाहीतर पत्ता बिननावाचा ठेवावा लागतो.

पण साच्याला एक मर्यादा आहे. आमच्या संघटनेने सुनावणीची तारीख शाखांना ई-मेलने कळवली, ती बऱ्याच ठिकाणांहून परत आली. आमच्या यंत्राला जोडणी देणाऱ्याने साच्यातलेच नाव दिले होते. असे नाव दिसले की ते घरगुती जोडणीचे समजून पुष्कळ टपालयंत्रे पत्र नाकारतात. ही नोंद पत्त्यांचा गट ज्याच्या ताब्यात, तोच बदलू शकतो. त्याला विनंती करून साचा १ ते २४ व २६ ते २५४ असा तोडून घेतला आणि २५ ला आमचे नाव लावले. त्या नावावरून पुन्हा तोच क्रमांक निघेल अशी नोंद आम्हीही केली. कारण उलट नोंदीत कोणीही काहीही लिहू शकतो, खरेपणा दोन्ही बाजू जुळल्यावरच पटतो.

पत्रे पोचू लागली. सुनावणी मात्र तोवर होऊन गेली होती.

साचा कष्ट वाचवतो, तो जरूर वापरावा. परंतु ज्याला चार लोकांशी बोलायचे आहे, त्याची नोंद त्याच्या नावानेच असली पाहिजे.